आकड्याचं मोल: अंकी डोमेन नावांच्या किमतीचा एक छोटा इतिहास



आजचा विषय जाहीर झाल्यावर एक-दोघांनी विचारलं, की आयुष्यभर तत्त्वज्ञान शिकवलेल्या माणसाचं इंटरनेटवरच्या नावांच्या बाजारात काय काम? माझ्या मते काम आहे. वस्तूला किंमत कुठून येते, हा तत्त्वज्ञानातला फार जुना प्रश्न. सोन्याच्या बाबतीत तो विचारला, की सोन्याची चकाकी आडवी येते. जमिनीच्या बाबतीत विचारला, की पीक आडवं येतं. अंकी डोमेन नावात आडवं यायला काहीच नाही. तीन, चार किंवा पाच आकडे, पुढे डॉट कॉम, संपलं. ते खाता येत नाही, अंगावर घालता येत नाही. म्हणून हा प्रश्न इथे जितका उघडा दिसतो, तितका इतरत्र क्वचितच दिसतो.

एक व्यवहार सांगतो. २०१५ च्या सुरुवातीला चीनमधल्या चीहू ३६० या संगणक-सुरक्षेच्या कंपनीने '३६० डॉट कॉम' हे नाव व्होडाफोनकडून विकत घेतलं. जाहीर झालेली किंमत होती १ कोटी ७० लाख डॉलर. त्या वेळच्या दराने शंभर कोटी रुपयांच्या वर. त्या रकमेत इमारत नाही, यंत्र नाही, नोकरवर्ग नाही. तीन आकडे एवढंच. आणि तरीही हा व्यवहार वेडेपणाचा होता असं मला म्हणायचं नाही. तो का नव्हता आणि त्यावरून दुसऱ्याने स्वतःच्या आकड्याची किंमत ठरवणं मात्र का चुकीचं, हे समजलं तर आजच्या तासाचं सार्थक झालं.

आधी थोडा मागचा इतिहास. यात एक मोठी गंमत आहे. इंटरनेटवरच्या प्रत्येक यंत्राला मुळात आकड्यांचाच पत्ता असतो. तो लक्षात ठेवणं माणसाला जड जातं, म्हणून १९८३ मध्ये पॉल मॉकापेट्रिस यांनी नावांची व्यवस्था रचली. आपण नाव टाकायचं आणि आतल्या आत त्याचा आकडा शोधला जाणार. म्हणजे माणसाची आकड्यांतून सुटका व्हावी म्हणून ही नावं जन्माला आली. पुढे तीस-बत्तीस वर्षांनी लोक कोट्यवधी मोजून याच व्यवस्थेत आकडेच नाव म्हणून विकत घेत होते.

सुरुवातीच्या नियमांना हे मंजूरही नव्हतं. १९८५ च्या नियमपत्रकात नावाचं पहिलं चिन्ह अक्षरच असलं पाहिजे, असं लिहिलेलं होतं. १९८९ मध्ये ती अट सैल झाली आणि पहिलं चिन्ह आकडा असला तरी चालेल असं ठरलं. १९९३ च्या अखेरीस एकाक्षरी आणि एकअंकी नावं राखून ठेवण्यात आली. आधीच दिली गेलेली मोजकी एकाक्षरी नावं, म्हणजे एक्स डॉट कॉम वगैरे, तेवढी राहिली. त्यामुळे डॉट कॉममध्ये 'आठ डॉट कॉम' कुणाच्याच मालकीचं नाही. कुणी ते विकायला आणलं, तर त्याला चहा पाजून परत पाठवा.

आता गणित. ते सोपं आहे. डॉट कॉममध्ये दोन अंकी नावं फक्त १००, तीन अंकी १,०००, चार अंकी १०,०००, पाच अंकी १ लाख आणि सहा अंकी १० लाख. यात एकही वाढवता येत नाही. अक्षरांच्या बाबतीत नवे शब्द बनवता येतात, दोन शब्द जोडता येतात. तीन अंकी नावं मात्र जगाच्या अंतापर्यंत हजारच. व्यापारी सर्वांत आधी सांगतो ते हेच: साठा ठरलेला आहे.

पण दुर्मीळ असणं म्हणजे मोलाचं असणं नव्हे. माझ्या हस्ताक्षरातली जुनी टिपणं जगात एकेकच आहेत, त्यांना रद्दीवालासुद्धा वेगळा भाव देत नाही. शिवाय ८८८ जितकं एकमेव आहे तितकंच ७४० हेही एकमेव आहे. दुर्मीळपणा दोन्हींचा अगदी समान. मग किमतीत प्रचंड फरक का पडतो? इथे गणित थांबतं आणि समाजाचा इतिहास सुरू होतो.

तो मुख्यतः चीनचा आहे. यामागे दोन धागे आहेत, एक टेलिफोनचा आणि दुसरा कानाचा.

टेलिफोनचा धागा असा. १९९७ मध्ये ग्वांगझोऊ शहरात नेटईज ही कंपनी निघाली. तिने नाव घेतलं १६३ डॉट कॉम. का? तर त्या काळी चीनमध्ये टेलिफोनवरून इंटरनेट जोडायचं तर १६३ हा क्रमांक फिरवावा लागे. इंटरनेट म्हणजे १६३, हे लोकांच्या बोटांना आधीच ठाऊक होतं. चायना मोबाइलच्या ग्राहकसेवेचा क्रमांक १००८६, म्हणून तिचं संकेतस्थळही त्याच आकड्यांचं. चिनी रेल्वेचा चौकशी क्रमांक १२३०६, आणि कोट्यवधी लोक सणासुदीला ज्यावरून तिकिटं काढतात ते संकेतस्थळही १२३०६. तैवानमध्ये नोकऱ्या शोधायचं प्रसिद्ध संकेतस्थळ १०४, कारण तिथे १०४ हा टेलिफोन चौकशीचा क्रमांक होता. सर्वसामान्य चिनी माणसाला रोमन अक्षरांतलं इंग्रजी नाव टाकणं अवघड, आकडे मात्र शेतकऱ्यालाही येतात. त्यात १९९९ मध्ये आलेल्या क्यूक्यू या गप्पांच्या सेवेने प्रत्येकाला नावाऐवजी क्रमांकच दिला. एक अख्खी पिढी स्वतःची ओळख आकड्याने सांगायला शिकली.

दुसरा धागा कानाचा. चिनी भाषेत एका उच्चाराचे पुष्कळ शब्द असतात, त्यामुळे आकडा म्हणताना कानाला दुसराच शब्द ऐकू येतो. आठ म्हणताना भरभराट आठवते. सहा म्हणजे सुरळीत. नऊ म्हणजे चिरकाल. चार आणि मृत्यू यांच्या उच्चारात केवळ सुराचा फरक. फोन क्रमांक सांगताना एकला 'याओ' म्हणतात, म्हणून ५१ हे 'मला हवं' असं ऐकू येतं. चीनमधल्या एका मोठ्या नोकरीविषयक संकेतस्थळाच्या नावात म्हणूनच ५१ आहे. ५२० म्हणजे 'माझं तुझ्यावर प्रेम आहे', त्यामुळे २० मे हा तिथे प्रेमिकांचा दिवस झाला. अलीबाबा कंपनीचं घाऊक व्यापाराचं संकेतस्थळ १६८८. 'यी-ल्यू-बा-बा' असं भरभर म्हणून पाहा. अलीबाबाच ऐकू येतो.

हे इंटरनेटने निर्माण केलेलं नाही. हाँगकाँगमध्ये गाड्यांच्या खास क्रमांकांचे सरकारी लिलाव १९७३ पासून होतात. १९९४ मध्ये तिथे नुसता ९ हा क्रमांक १ कोटी ३० लाख हाँगकाँग डॉलरला गेला, २००८ मध्ये १८ हा १ कोटी ६५ लाखांना. तिथल्या कँटनी बोलीत १८ म्हणजे 'नक्की भरभराट'. २००३ मध्ये चेंगडू शहरात आठ वेळा आठ असलेला टेलिफोन क्रमांक सिचुआन एअरलाइन्सने २३ लाख ३० हजार युआनना घेतला. बीजिंग ऑलिंपिकचं उद्घाटन २००८ सालच्या ८ ऑगस्टला, रात्री ८ वाजता. सरकारसुद्धा आठाच्या बाहेर नाही.

आपण यावर हसण्याआधी जरा आपल्या रस्त्यावर पाहावं. २१४ क्रमांकाची गाडी तुम्ही पाहिली असेल, पाटीवर तो 'राम' असा रंगवलेला असतो. ४१४१ चं 'दादा' होतं. ८०५५ मधून रोमन 'बॉस' निघतो. आरटीओत पसंतीच्या क्रमांकाला जादा शुल्क आहे आणि ते भरणारे रांगेत उभे असतात. ७८६ शेवटी असलेली नोट तिच्या दर्शनी किमतीपेक्षा जास्त पैसे देऊन घेणारे लोक आहेत. ४२० हा आकडा मात्र कुणी व्यापारी आपल्या दुकानावर लावणार नाही, कारण भारतीय दंडविधानाच्या एका कलमाने तो कायमचा डागाळला. कायदा बदलला तरी शिवी राहिली.

इथे एक फरक लक्षात घेण्याजोगा आहे. चिनी माणसाला आकड्यात शब्द ऐकू येतो, आपल्याला तो दिसतो. आपल्याकडे २१४ मोठ्याने म्हटलं तर त्यात राम कुठेच नाही, तो पाटीवरच्या वळणात आहे. आणि आपली शास्त्रीय परंपरा तर उलट्या दिशेने गेलेली. भूतसंख्येच्या पद्धतीत शब्द घेऊन आकडा सांगत: चंद्र म्हणजे १, नेत्र म्हणजे २, वेद म्हणजे ४, बाण म्हणजे ५. कटपयादी पद्धतीत अक्षरांना अंक दिले. कर्नाटक संगीतात मेचकल्याणी या नावातल्या 'मे' आणि 'च'वरून ५ आणि ६ येतात, ते उलटे वाचले की ६५, आणि तो ६५ वा मेळकर्ता आहे. श्लोक पाठ असला की आकडा पाठ, अशी ती सोय. म्हणजे आपण आकडा लक्षात राहावा म्हणून शब्द वापरला, आणि चीनमध्ये शब्द लक्षात राहावा म्हणून आकडा.

नैयायिक म्हणतील, शब्द आणि अर्थ यांचा संबंध संकेताने ठरतो. आकड्याचंही तेच. ८८८ मधलं ऐश्वर्य हे ८८८ च्या आत नाही, ते एका भाषक समाजाच्या कानात आहे. किंमत करताना म्हणून पहिला प्रश्न हा, की कुणाचा कान?

आता प्रत्यक्ष किंमत कशी काढतात ते पाहू. व्यापारी आधी लांबी पाहतो, मग शेपूट पाहतो. डॉट कॉम सर्वांत वर. हा साठा मर्यादित असला तरी तो एका शेपटापुरताच मर्यादित, हे विसरू नका. डॉट नेटमध्ये पुन्हा दहा हजार चार अंकी नावं असतात, डॉट सीएनमध्ये पुन्हा दहा हजार. २०१३ नंतर तर शेकडो नवी शेपटं आली. मग आकडे पाहतात. चीनच्या बाजारात ४ असेल तर भाव पडतो, बरेच जण ० सुद्धा नको म्हणतात. दहा हजार चार अंकी नावांतून ४ आणि ० असलेली सगळी काढली, तर आठ आकडे चार जागी, म्हणजे ४,०९६ उरतात. पाच अंकीत हेच केलं तर एका लाखातून ३२,७६८. त्यानंतर घडण. चारही आकडे सारखे असलेली नावं फक्त १०. ११२२ सारखी जोडीची ९०, १२१२ सारखी पुन्हा ९०. मग विशेष अर्थ: शहराचा टेलिफोन कोड आहे का, शांघायच्या ०२१ सारखा? सहा अंकी असेल तर शेअर बाजारातल्या एखाद्या कंपनीचा क्रमांक आहे का? तिथे कंपन्यांना सहा अंकी क्रमांक असतात. आणि शेवटी, अशाच जातीची नावं अलीकडे कितीला गेली.

यातली शेवटची पायरी सर्वांत घसरडी आहे. घरांच्या बाबतीत ती ठीक, कारण एकाच इमारतीतले दोन फ्लॅट खरोखर सारखे असतात. इथे मात्र दोन तऱ्हेची विक्री एकाच यादीत बसवलेली असते. ३६० डॉट कॉम घेणारी कंपनी आधीपासूनच ३६० नावाने ओळखली जात होती. तिला दुसरा कुठलाही आकडा चालला नसता आणि त्या रकमेला दुसरा कुणी गिऱ्हाईकही नसता. तो वापरणाऱ्याचा भाव. त्यावरून ३६२ ची किंमत काढणं म्हणजे शेजारच्या प्लॉटमधून रेल्वेने जागा संपादित केली म्हणून आपल्या प्लॉटचा भाव लावणं. रुळाला जागा हवी होती ती तिथे, तुमच्याकडे नव्हे. दुसरा भाव व्यापाऱ्या-व्यापाऱ्यांमधला असतो, तो पुष्कळ खाली असतो आणि रोज हलतो. शिवाय यादीत येतात ती विकली गेलेली नावं. वर्षानुवर्षं 'विकणे आहे'ची पाटी लावून पडलेली नावं कुठल्याच यादीत येत नाहीत. संगणकावर फुकट किंमत काढून देणारी साधनं याच याद्यांवर पोसलेली असतात. आणि मागितलेली किंमत ही किंमत नसते, हे तर भाजी घेणाऱ्या कुणालाही सांगायला नको.

आता २०१५ सालाकडे येतो. त्या जूनमध्ये शांघायचा शेअर बाजार शिखरावरून कोसळला. ऑगस्टमध्ये युआनचं अवमूल्यन झालं. शेअरमधून बाहेर पडलेला पैसा जागा शोधत होता, आणि डॉलरमध्ये किंमत असलेली, देशाबाहेरही विकता येणारी, नेआण करायला न लागणारी वस्तू समोर होती. त्या वर्षाच्या उत्तरार्धात चिनी खरेदीदार अंकी आणि छोट्या अक्षरी नावांवर तुटून पडले. तीन अंकी हाताबाहेर गेल्यावर चार अंकी, मग पाच, मग सहा. २०१६ मध्ये भाव उतरले, आणि सर्वांत जास्त उतरले ते लांब आकड्यांचे.

चीनमध्ये या व्यापाऱ्यांना एक सुंदर टोपणनाव आहे. डोमेन नाव या शब्दाचा चिनी उच्चार मक्याच्या शब्दाच्या जवळ जातो, म्हणून डोमेन म्हणजे मका आणि ते साठवणारे म्हणजे शेतकरी. उपमा गोड आहे, पण एका जागी ती फसवते. मका विकला गेला नाही तर घरात भाकरी होते. विकल्या न गेलेल्या पाच अंकी नावाची भाकरी होत नाही. उलट दरवर्षी त्याचं नूतनीकरण शुल्क भरावं लागतं. तुम्ही त्याचे मालकही नसता, मुदतीपुरते धारक असता. हजार नावं साठवणाऱ्याने दरवर्षी हजारदा फी भरायची, नाहीतर नाव हातातून जातं.

केन्सने १९३६ च्या आपल्या ग्रंथात या वागण्याचं नेमकं वर्णन केलं आहे. वर्तमानपत्रातल्या सौंदर्यस्पर्धेत सर्वांत सुंदर चेहरा निवडायचा नसतो, इतरांना कुठला चेहरा सुंदर वाटेल ते ओळखायचं असतं. आणि इतरही तोच अंदाज करत असतात. २०१५ च्या अखेरीस सहा अंकी नाव घेणाऱ्या कितीतरी जणांना त्या नावावर काही चालवायचं नव्हतं. पुढच्याला ते हवंसं वाटेल, एवढीच त्यांची खात्री होती.

आपल्या वैशेषिक दर्शनात याला समांतर असा एक विचार आहे. मला तो फार उपयोगी वाटतो. वैशेषिक म्हणतात, संख्या हा द्रव्याचा गुण आहे. पण एकत्व वस्तूत असतं तसं द्वित्व आपोआप असत नाही. 'हा एक आणि हा एक' अशी दोन वस्तूंना मिळून पाहणारी बुद्धी झाली, तर द्वित्व उपजतं. तिला ते अपेक्षाबुद्धी म्हणतात. ती बुद्धी सरली की द्वित्वही नाश पावतं, वस्तू मात्र जागेवरच असतात. इथे अपेक्षा म्हणजे आपल्या रोजच्या अर्थाची आशा नव्हे, एकमेकांना धरून पाहणं असा तिचा अर्थ आहे, हे अभ्यासकांनी ध्यानात घ्यावं. पण बाजाराच्या बाबतीत दोन्ही अर्थ लागू पडतात. पाच अंकी नावाची किंमत अशीच अनेकांच्या बुद्धीत उपजली आणि २०१६ मध्ये त्या बुद्धीबरोबर ओसरली. आकडे होते तिथेच आहेत.

मघाशी एक चिठ्ठी आली आहे. नाव लिहिलेलं नाही, ते बरंच झालं. लिहिलं आहे: 'माझा भाचा पाच अंकी आणि सहा अंकी नावं घेऊन ठेवणार आहे. माझ्या निवृत्तीच्या पैशांतले तीन लाख मागतो आहे. दर वर्षी किंमत वाढेल म्हणतो. द्यावेत का?'

मी आर्थिक सल्लागार नाही. पण भाच्याला तीन प्रश्न विचारा. पहिला, हा आकडा कुणाच्या कानाला काय म्हणतो? तुम्हाला आणि त्याला काहीच ऐकू येत नसेल, तर तुम्ही परक्या भाषेतल्या शुभाशुभावर पैसे लावता आहात, आणि त्या भाषेतले व्यापारी तुमच्या आधी वीस वर्षं तिथे बसलेले आहेत. दुसरा, हे नाव वापरून काम करील असा एक तरी माणूस किंवा धंदा त्याला नावानिशी सांगता येतो का? 'कुणीतरी घेईलच' हे उत्तर धरू नका. तिसरा, एकही नाव विकलं गेलं नाही तर पाच वर्षांची फी कोण भरणार? या तिन्हींची उत्तरं त्याच्याकडे असतील तर तो तुमच्या-माझ्यापेक्षा शहाणा आहे. नसतील, तर त्याला द्यायचेच असतील तेवढे पैसे भाचा म्हणून द्या, गुंतवणूक म्हणून देऊ नका. त्यामुळे पैसे गेले तरी निदान नातं टिकेल.

१६३ ला मोल आलं ते लाखो लोकांनी तो क्रमांक रोज फिरवल्यामुळे. १२३०६ ला मोल आलं ते गावी जायची तिकिटं त्यावर मिळतात म्हणून. या आकड्यांत ना आठांची रांग आहे, ना खास घडण. १६३ मागे निदान तीन अंकांचा दुर्मीळपणा तरी आहे, १२३०६ मागे तोही नाही. शिवाय त्यात शून्य आहे. व्यापाऱ्याच्या कोष्टकात हा आकडा खालच्या रांगेत बसला असता. वापराने त्याला वर नेलं. किंमत काढणाऱ्याच्या कोष्टकात एक रकाना असा असतो जो आधीपासून भरता येत नाही, आणि बहुतेक वेळा सर्वांत मोठी रक्कम त्याच रकान्यात असते.

आता तुमचे प्रश्न घेऊ या.